मुंबईचे पाणी आणि समितीची एकजूट



मुलुंडहून घाटकोपरकडे येताना तानसाचे थोरले नळ बराच वेळ दृष्टीस पडत राहतात. लहानपणी त्या नळांवरून चालत आम्ही शाळेत जात असू. त्या नळांत संयुक्त महाराष्ट्राचा निम्मा युक्तिवाद भरलेला आहे, हे मात्र आम्हांला फार उशिरा, कारखान्यात लागल्यावर वाचनालयात बसू लागलो तेव्हा कळले.

मुंबई महाराष्ट्राला देऊ नये असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा पैशाचा होता. हे शहर नाना प्रांतांतल्या व्यापाऱ्यांच्या भांडवलावर उभे राहिले, सबब ते एका प्रांताचे नव्हे, असे ते सांगत. १९४९ साली नेहरू, वल्लभभाई आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही मुंबई वेगळी ठेवण्याकडेच कौल दिला. याला उत्तर देणारी माणसे एका गोटातली नव्हती. मुंबईचे पाणी आणि वीज महाराष्ट्रातून येते याकडे डॉ. आंबेडकरांनी बोट दाखवले. तानसाचे पाणी १८९२ पासून येत होते. खोपोलीची वीज १९१५ पासून गिरण्या फिरवीत होती. आणि पुण्याच्या गोखले संस्थेतले धनंजयराव गाडगीळ महाराष्ट्राची आर्थिक बाजू अभ्यासपूर्वक मांडीत होते.

परंतु नुसत्या युक्तिवादाने राज्य मिळत नसते. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि रस्त्यावर गोळ्या चालल्या. आंदोलनात शंभरावर माणसे पडली. त्यांत कामगार किती तरी होते. त्यानंतर ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या समितीत कोण बसले ते पाहा. कॉम्रेड डांगे आणि एस. एम. जोशी यांच्या युनियन वेगळ्या, झेंडे वेगळे. त्याच वर्षी हंगेरीवरून कम्युनिस्ट आणि समाजवादी जगभर एकमेकांवर तुटून पडले होते. शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होती, आचार्य अत्र्यांची लेखणी होती. कोणी आपले मत सोडले नाही. मागणी तेवढी एक ठेवली. १९५७ साली मुंबई महापालिका समितीच्या हाती आली. त्याच वर्षी मुलुंड आणि बोरिवली बृहन्मुंबईत आली. १ मे १९६० रोजी राज्य झाले. बेळगाव, कारवार मात्र बाहेरच राहिले.

येथवरचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पुढचा सांगताना आवाज खाली येतो. राज्य मिळाले आणि समितीतले पक्ष आपापल्या वाटेने गेले. मुंबई मिळवण्यासाठी एकत्र बसलेली माणसे, मुंबईतल्या कामगाराने पुढे काय खावे यासाठी तशी पुन्हा बसली नाहीत. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगार एकाकी लढले. मागोमाग भांडुप, मुलुंड, अंधेरीचे कारखाने एकेक करून थंडावले आणि त्यांच्या जमिनीवर मनोरे उठले.

दोष केवळ पुढाऱ्यांच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. आमच्या कारखान्यात तीन युनियन होत्या. बंदीची कुणकुण लागली तेव्हा दुसऱ्या युनियनचे लोक आमच्याकडे आले, एकच मागणीपत्र देऊ म्हणाले. त्यांच्या गेटसभेला जायचे नाही, असे आम्हीच ठरवले. मालकाने तिघांशी वेगळी बोलणी केली आणि कुलूप लावले. देणी मिळायला पुढे कित्येक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. काहींच्या विधवांनी ती घेतली. डांगे आणि एस. एम. ज्या शहाणपणाने एका व्यासपीठावर बसले, ते आम्हांला एका गेटावर साधले नाही.

आज उपनगरातला तरुण कुरिअरची पिशवी घेऊन धावतो आहे. त्याला ना फंड, ना पगारी रजा. त्याच्यासाठी अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे सर्व पक्षांचे प्रतिनिधी एका मागणीपुरते तरी एकत्र बसतील काय? हा प्रश्न आपण त्यांना विचारला पाहिजे. आम्ही मात्र तो आधी आमच्या युनियनच्या कचेरीत विचारणार आहोत.