भार, दाब आणि तर्जनी

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्यांच्यासाठी तुघलकाबाद येथे नेमबाजीचे केंद्र उभे राहिले. पाच ऑलिंपिक खेळलेल्या बिकानेरच्या डॉ. कर्णी सिंग यांचे नाव आज त्याला आहे. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ हे पिस्तूल स्वीकारले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र काही पिस्तुले चालवताना तर्जनी का दुखते, याचे उत्तर या दोन परंपरांमधील अंतरात सापडते.

क्रीडा-नेमबाजीत चाप भाराने तपासला जातो. नळी उभी धरून चापाला ठरावीक वजन अडकवतात आणि पिस्तूल उचलतात. चाप न सुटता वजन उचलले गेले, तर पिस्तूल नियमात बसते. १० मीटर एअर पिस्तुलासाठी हा भार किमान ५०० ग्रॅम, तर २५ मीटर पिस्तुलासाठी १००० ग्रॅम असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक या दुसऱ्या प्रकारात जिंकले. झज्जरच्या मनू भाकरने २०२४ साली पॅरिसमध्ये हे दोन्ही प्रकार खेळताना एकाच तर्जनीला दोन भार शिकवले होते.

सैनिकी पिस्तुलाची गरज वेगळी. ते कमरेला बाळगायचे असल्याने चाप सहज सुटता कामा नये. ग्लॉकचा चाप ओढण्यास सुमारे अडीच किलोचा भार लागतो. शिवाय चापाच्या मध्यभागी एक अरुंद सुरक्षा-पट्टी असते. ती दाबली गेल्याशिवाय चाप मागे सरकत नाही. दिल्लीलगत मानेसर येथे तळ असलेले राष्ट्रीय सुरक्षा दल हेच पिस्तूल वापरते.

परंतु त्वचेला जाणवतो तो भार नव्हे, दाब. अडीच किलोचा भार एक चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दाब सुमारे अडीच वातावरणांइतका होतो. बोट तिरके पडून तोच भार पाव चौरस सेंटिमीटरच्या कडेवर आला, तर दाब चौपट, म्हणजे सुमारे दहा वातावरणांइतका होतो. त्यात प्रत्येक गोळीचा उलट धक्का बोटावर आदळतो. बोटाच्या दोन्ही बाजूंनी, त्वचेच्या जवळून, संवेदी चेता जातात. म्हणून दुखण्यापाठोपाठ बधिरपणाही येऊ शकतो.

हा प्रश्न केवळ सहनशक्तीचा नाही. वेदनेची धास्ती घेतलेले बोट चाप हळूवार दाबत नाही, झटकते. १० मीटरवरील लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते; नळी अंशाच्या तिसाव्या भागाइतकी ढळली, तरी नेम केंद्रापासून त्या वर्तुळाच्या कडेवर जातो. म्हणूनच पहिल्या पेराचा मांसल भाग चापाच्या मध्यावर टेकवणे, हाताच्या मापाची मूठ निवडणे, चापाची बोचरी कड जाणकार कारागिराकडून तपासून घेणे आणि बधिरपणा जाणवताच सराव थांबवणे, हे नेमबाजीच्या शिस्तीचेच भाग ठरतात.

चापाला अडकवलेले वजन पिस्तुलाची परीक्षा घेते. दाबाचे मोजमाप मात्र तर्जनीच करते, आणि तिची तक्रार हेच तिचे वाचन असते.