चकाल्तायाच्या उतारावर

जानेवारी १९४७. ला पाझहून निघालेली तुमची मोटार शेवटचं वळण घेऊन थांबते. बोलिव्हियातल्या चकाल्ताया डोंगरावर तुम्ही सव्वापाच हजार मीटरच्या वर आहात. हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा, त्यामुळे दोन पावलांतच धाप लागते. झोपडीत कोणीतरी कोकाच्या पानांचा गरम चहा पुढे करतं. घ्या, इथे सगळेच पितात.

बाहेर मोटारगाडीचं इंजिन धडधडतंय आणि त्याच्या जोरावर स्की करणाऱ्यांना ओढत एक दोर उतारावरून वर धावतोय. १९३९ साली स्थापन झालेल्या बोलिव्हियाच्या अँडीज क्लबचा हा खटाटोप. दोर भलताच वेगवान. पकड चुकली की बर्फात लोळण. तुम्हीही लोळता. हसणारे हसतात. माथ्यावर पोचल्यावर समोर ह्वायना पोतोसी शिखर, आणि पायांखाली हिमनदी.

जानेवारी म्हणजे इथला उन्हाळा, मग बर्फ कसा? तर इथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि एवढ्या उंचीवर तो हिम होऊनच उतरतो. जून-जुलैची थंडी कोरडी. म्हणजे ही सगळी मौज पावसाच्या भरवशावर. आपल्याला हे वेगळं सांगायला नको!

याच वर्षी ब्राझीलचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ सेझार लातेस इथल्या हवामान केंद्रात फोटोच्या काचा ठेवतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे त्यांत पायॉन नावाच्या सूक्ष्म कणांच्या खुणा उमटतात. या कामाबद्दल १९५० चं नोबेल मात्र त्याच्या गटाचा प्रमुख सेसिल पॉवेल याला मिळतं, लातेसला नाही. असो.

आता १९९८ मध्ये या. एल निनोमुळे पाऊस रुसलाय. ताजं पांढरं हिम नाही, म्हणून खालचा मळकट बर्फ उघडा पडलाय आणि तो ऊन परतवण्याऐवजी पितोय. हिमनदी मुळात लहान. भोवतीचे काळे खडक तापून तिला कडेनेही वितळवताहेत. बर्फाच्या मधोमध वर आलेल्या खडकाला वळसा घालत तुम्ही घसरता.

२००९. अठरा हजार वर्षांचा बर्फ संपलाय. हिमनद्यांचे अभ्यासक एडसन रामिरेझ यांनी तो २०१५ पर्यंत टिकेल असा अंदाज बांधला होता. तोही आशावादीच ठरला. क्लबची इमारत तेवढी उभी आहे.

तरी स्की गाडीत असू द्या. कधी जोरदार हिमवर्षाव झालाच, तर माथ्याजवळ थोडं घसरता येतं. वर मात्र पायीच चढायचं.