जखडलेल्या हनुसंधीचे अस्थिछेदन : एक ऐतिहासिक तुलना

दातखीळ म्हटली की धनुर्वात आठवतो. परंतु जबड्याचा सांधा हाडानेच जुळून तोंड मिटलेले राहणे, हा विकार त्याहून निराळा होय. बालपणी हनुवटीवर पडणे, अथवा कान फुटून पू सांध्यापर्यंत पोहोचणे, ही त्याची प्रमुख कारणे. येथे औषध चालत नाही. हाड छेदावेच लागते. ते कशाने छेदावे, ह्याची तुलना प्रस्तुत टिपणात केली आहे.

१८५६ मध्ये केंब्रिजच्या हम्फ्री यांनी जबड्याच्या सांध्यातील अस्थिशीर्ष काढून टाकले. छिन्नी-हातोडीने असे काम झपाट्याने होते; परंतु सांध्याच्या आतील बाजूस मोठी रोहिणी व वर कवटीचा पातळ तळ असल्याने घाव खोल गेल्यास अनर्थ ओढवतो. विजेवर फिरणाऱ्या बराने हाड थराथराने झिजविता येते. मात्र त्याची उष्णता आवरण्यास पाण्याची धार सतत लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या व्हर्चेलोत्ती यांनी पुढे आणलेले श्राव्यातीत उपकरण सेकंदास सुमारे २५ ते ३० हजार कंपनांनी हाड कापते व मऊ ऊतींना सहसा इजा करीत नाही. रक्तस्राव घटतो, वेळ मात्र वाढतो.

हा वाढीव वेळ भुलीच्या शास्त्रातील प्रगतीने मिळवून दिला. देगलूर ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होते, त्याच्या राजधानीत १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्म आयोग बसले. लॉरी यांनी नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवण्याचा आग्रह धरला. हृदयाविषयीचे त्यांचे मत पुढे टिकले नाही. परंतु मिटलेल्या जबड्याच्या रोग्यात खरा धोका श्वासाचाच असतो, कारण जीभ मागे पडल्यास तोंड उघडता येत नाही. १९६७ मध्ये मर्फी यांनी लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने नाकावाटे श्वासनलिकेत नळी घातली, आणि सावकाश छेदनाचा मार्ग अधिक निर्धोक झाला.

तरीही छेदलेली टोके पुन्हा जुळू पाहतात. म्हणून व्हर्नय यांनी एकोणिसाव्या शतकातच मध्ये स्नायूचा पडदा घालण्याचा मार्ग दाखविला. १९९० मध्ये कॅबन व सहकाऱ्यांनी पुरेसे अस्थिछेदन, पडदा व तत्काळ नेटाचा व्यायाम यांची सांगड घातली. तात्पर्य, हत्यार त्या दिवसाचा रक्तस्राव ठरविते. पुढील वर्षांत तोंड उघडे राहील की नाही, हे मुख्यतः व्यायाम व फेरतपासणी ठरवितात. नांदेड येथे १९८८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. देगलूरहून ते अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. तेथील बालरोग्याच्या दृष्टीने पद्धतींची तुलना करताना ह्या वारंवारच्या फेऱ्याही हिशेबात धरल्या पाहिजेत.