राजघाटावरचा हत्ती

पौषातल्या एका रविवारी मंडळाची आम्ही पंधरा-वीस माणसे मुलाबाळांसह राजघाटावर गेलो. तापीचे पाणी उतरले होते, पात्रातला दगडी हत्ती चांगला उघडा पडला होता. १६१०च्या सुमारास बऱ्हाणपुरात आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्याची नोंद केली आहे. पाणी प्यायला आलेला खरा हत्ती म्हणे त्याच्यावर धावून गेला आणि स्वतःचे दात मोडून बसला! कपाळ लाल रंगवून लोक त्याला पूजतात, हेही तो लिहितो. फिंचला ते भोळेपण वाटले. आमचे हात आपसूक जोडले गेले.

वर फारुकींचा किल्ला, नदीपलीकडे जैनाबादचा आहूखाना. जून १६३१मध्ये वारलेल्या मुमताजमहलला आधी तिथेच पुरले, डिसेंबरात आग्र्याला नेले. तिथल्या पडक्या भिंतींच्या सावलीत दशम्या आणि मावा जिलबी झाली.

परतताना विषय निघाला जानेवारी १६८१चा. संभाजीराजांच्या फौजेने बहादूरपुरा आणि तटाबाहेरचे इतर पुरे तीन दिवस लुटले. तटाच्या आतले शहर वाचले. हे आपण घरोघरी अभिमानाने सांगतो, आणि राहतो मात्र याच गावात. एका नातवाने विचारले, "आजोबा, तेव्हा आपण तटाच्या आत होतो की बाहेर?"

मोगलांच्या चाकरीतही मराठे होतेच, त्यामुळे उत्तर सोपे नव्हते. उदगीरनंतर, १७६०मध्ये, शहर पेशव्यांकडे आले. आमच्यातली काही घराणी त्यानंतरची, काही रेल्वेच्या नोकरीने आलेली.

"आपण तेव्हा आलोच नव्हतो रे," आजोबा म्हणाले. पोराला ते काही पटले नाही.