वसाम्लांचे बीटा-ऑक्सिडीकरण

वसाम्लाच्या कार्बन-साखळीतून दर फेरीस दोन कार्बन अणूंचा तुकडा अलग करून कोशिका ऊर्जा मिळवते, ती विक्रियामालिका. उपवासात व दीर्घ श्रमांत स्नायू, तसेच एरवीही हृदय, यांची ऊर्जा मुख्यतः यातून येते.

इतिहास : जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रांट्स क्नोप यांनी १९०४ मध्ये या प्रक्रियेचा पाया घातला. वसाम्लाचे शेवटी कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी होते, त्यामुळे त्याचा माग लागत नसे. क्नोप यांनी साखळीच्या टोकाला फिनिल वलय जोडले. प्राणिशरीर हे वलय मोडू शकत नाही. ते मूत्रावाटे बाहेर पडते. अशी वसाम्ले कुत्र्यांना खाऊ घालून त्यांचे मूत्र तपासले असता, साखळीतील कार्बन विषम असल्यास हिप्युरिक अम्ल आणि सम असल्यास फिनिलॲसिट्युरिक अम्ल मिळाले. कार्बन एकेक करून सुटत असते, तर सम-विषम हा भेद उरलाच नसता; म्हणजे ते दोन-दोन करून सुटतात. किरणोत्सर्गी समस्थानिके हाताशी नसताना केवळ रासायनिक खुणेच्या बळावर काढलेला हा निष्कर्ष आजही अबाधित आहे. यूजीन केनेडी व ॲल्बर्ट लेनिंजर यांनी १९४८-४९ मध्ये ही प्रक्रिया तंतुकणिकांत चालते, हे दाखविले. १९५१ मध्ये फेओडोर लिनेन यांनी हा दोन कार्बनांचा तुकडा वाहणारे ॲसिटिल को-एंझाइम ए ओळखले. १९६४ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचे ते कोनराड ब्लॉख यांच्यासह मानकरी ठरले.

विक्रिया : वसाम्ल प्रथम को-एंझाइम ए शी जोडले जाते, लांब साखळ्यांना कार्निटीन तंतुकणिकेत पोहोचविते. तेथे हायड्रोजन काढणे, पाणी मिळविणे, पुन्हा हायड्रोजन काढणे व साखळी तोडणे, असे चार टप्पे दर फेरीत होतात.

ऊर्जा : १६ कार्बनांच्या पामिटिक अम्लापासून ७ फेऱ्यांत ॲसिटिल को-एंझाइम ए चे ८ रेणू मिळतात. एटीपी या ऊर्जावाहक रेणूंची निव्वळ प्राप्ती जुन्या ग्रंथांत १२९, तर नव्या ग्रंथांत १०६ दिली जाते.

पेरॉक्सिसोम : अतिदीर्घ साखळ्या कोशिकेतील या अंगकात आखूड होतात.

विकार : मध्यम साखळीवर काम करणाऱ्या डिहायड्रोजनेज एंझाइमाची उणीव आनुवंशिक असते. अशा बालकाच्या रक्तातील ग्लुकोज उपाशीपणी धोकादायक पातळीपर्यंत घटते. नवजाताच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान होते; बालकाला फार वेळ उपाशी न ठेवणे हाच मुख्य उपचार होय.