नाइट साइट (पिस्तुलाची)

नाइट साइट (पिस्तुलाची) : काळोखात किंवा अंधूक उजेडात पिस्तुलाचा नेम धरता यावा म्हणून पुढच्या माशीवर, आणि बहुधा मागच्या खाचेच्या दोन्ही अंगांना, बसवलेले स्वयंप्रकाशी ठिपके, तसेच असे ठिपके असलेली माशी व खाच यांची जोडी. नळीच्या टोकाशी असलेल्या नेमाच्या उंचवट्याला मराठीत ‘माशी’ म्हणतात. दिवसा ही काळी माशी मागच्या खाचेतून स्पष्ट दिसते. रात्री माशी, खाच आणि समोरचे लक्ष्य एकाच काळोखात बुडून जातात. नाइट साइट यांपैकी पहिल्या दोन गोष्टी दाखवते. तिसरी ती दाखवत नाही, आणि या उपकरणाची निवड, जोडणी व वापर यांचा विचार या मर्यादेपासूनच सुरू करायला हवा.

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील किहीमसारख्या किनारी गावात या मर्यादेचा अर्थ चटकन कळतो. नारळाच्या वाड्या, सुरूचे बन आणि एकमेकांपासून दूर असलेली घरे यांमुळे अमावास्येच्या रात्री वाडीच्या कुंपणाशी उभा असलेला माणूस घराच्या पडवीतून ओळखू येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडातली अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. परवान्याचे पिस्तूल बाळगणाऱ्याने रात्रीच्या नेमाचा विचार करावा, असे हे ठिकाण आहे. त्याचबरोबर त्या नेमाची मर्यादा ओळखावी, असेही हे ठिकाण आहे.

प्रकाशाचे तत्त्व. प्रचलित नाइट साइटमध्ये काचेची बारीक, दोन्ही टोकांनी बंद केलेली नळी असते. तिच्या आतल्या बाजूला झिंक सल्फाइडसारख्या प्रदीपक पदार्थाचा थर असतो आणि पोकळीत ट्रिटियम वायू भरलेला असतो. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक आहे. त्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन थरावर आदळतात आणि थर उजळतो. या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा फार कमी, जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, असते. ते काच ओलांडत नाहीत, माणसाच्या त्वचेतूनही आत शिरत नाहीत. या दिव्याला बॅटरी लागत नाही, कळ लागत नाही, उन्हात ठेवून ‘भरावे’ लागत नाही.

ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे आहे. साधारण बारा वर्षांनी निम्मा वायू हीलियममध्ये बदललेला असतो आणि प्रकाशही निम्म्यावर येतो. प्रदीपक थर झिजत असल्यामुळे प्रत्यक्षात हा उतार थोडा अधिकच असतो. म्हणून नाइट साइट घेताना निर्मितीचे वर्ष पाहणे गरजेचे ठरते.

‘रेडियम’ हा शब्द. महाराष्ट्रात काळोखात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. गाडीवर लावायची चमकती पट्टी रेडियमच्या दुकानात कापून मिळते. त्या पट्टीत रेडियम नसते. ती समोरून पडलेला प्रकाश आल्या दिशेने परत फेकते, एवढेच. खरे रेडियम विसाव्या शतकाच्या आरंभी घड्याळांच्या तबकड्यांवर लावत. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या कामगार मुलींनी ब्रश ओठांनी टोकदार करता करता ते गिळले आणि त्यांतल्या अनेकींना जबड्याच्या व हाडांच्या प्राणघातक व्याधी जडल्या. पुढे घड्याळांत आणि शस्त्रांत रेडियमची जागा तुलनेने पुष्कळ सौम्य अशा ट्रिटियमने घेतली. १९७० च्या दशकातील इस्रायली गलील रायफलीवर ट्रिटियमची उभी करता येणारी रात्रीची साइट होती.

ट्रिटियम आणि अलिबागचा किनारा. किहीमच्या दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर, थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्याला लागून जड पाण्याचा प्रकल्प आहे. तो १९८७ मध्ये सुरू झाला. तेथे ट्रिटियम तयार होत नाही. तेथे ड्यूटेरियमयुक्त जड पाणी तयार होते. हे पाणी अणुभट्टीत मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ) म्हणून वापरले जाते, तेव्हा ड्यूटेरियमचे काही अणू न्यूट्रॉन पकडतात आणि त्यांचे ट्रिटियम होते. कॅनडात डार्लिंग्टन येथे जड पाण्यातून ट्रिटियम वेगळे काढण्याचा मोठा प्रकल्प आहे. पिस्तुलाच्या माशीवरचा मोहरीएवढा हिरवा ठिपका अणुभट्टीच्या या साखळीचा शेवटचा दुवा असतो.

इतर प्रकार. (१) *साठवणीचा प्रकाश* : स्ट्राँशियम ॲल्युमिनेटयुक्त रंग टॉर्चच्या उजेडात भरतो आणि काही काळ चमकतो. स्वस्त, किरणोत्सारविरहित; परंतु कपाटात बराच वेळ राहिलेले हत्यार बाहेर काढले, की ठिपका विझलेला असतो. (२) *फायबर ऑप्टिक* : रंगीत प्लॅस्टिकचा तंतू आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाशी आणतो. दिवसा उत्तम, पूर्ण काळोखात निरुपयोगी. (३) *मिश्र* : तंतूच्या मागे ट्रिटियमची नळी. (४) *लाल ठिपक्याची इलेक्ट्रॉनिक साइट* : बॅटरीवर चालते, त्यासाठी स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, बहुधा खास कापलेली जागा लागते.

निवड. भारतातील नागरिकाने पहिला प्रश्न हत्याराला विचारावा : याची माशी बदलता येते का? ९ मिमी पिस्तूल पोलिसांकडे व सैन्याकडे असते, सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही. नागरिकाच्या हाती बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते. कानपूरच्या आयुध कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये आणलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर याच बोअरचे. जुन्या आयात पिस्तुलांपैकी ब्राउनिंग १९१० सारख्या नमुन्यांत नेमाची सोय म्हणजे स्लाइडच्या माथ्यावरील उथळ चर. बऱ्याच रिव्हॉल्व्हरांची माशी नळीशी अखंड घडवलेली असते. अशा हत्यारांवर बाजारातली नाइट साइट बसत नाही. त्यासाठी नवा चर कापण्याचा हट्टही धरू नये, कारण त्यात धातू कमी होतो आणि मूळ घडण बिघडते. तेथे माशीच्या मागच्या अंगाला चमकत्या रंगाचा एक ठिपका देणे हा प्रामाणिक आणि पुरेसा उपाय आहे.

माशी बदलता येणारी असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

*पुढचा ठिपका ठळक, मागचे मंद.* काळोखात तिन्ही ठिपके सारखेच उजळ असले, तर घाईत डोळा चुकीचे दोन ठिपके जुळवू शकतो. म्हणून माशीवर मोठा ठिपका व त्याभोवती दिवसा उठून दिसणारे नारिंगी किंवा पिवळे कडे, आणि मागच्या खाचेवर मंद किंवा वेगळ्या रंगाचे ठिपके, किंवा मागे काहीच नाही, अशी जोडी बरी.

*रंग.* अंधाराला सरावलेला डोळा सुमारे ५०७ नॅनोमीटरच्या, म्हणजे हिरव्या-निळसर, प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे सारख्याच वायूत हिरवा ठिपका सर्वांत उजळ वाटतो.

*चाळिशी.* चाळिशी लागलेल्या माणसाला हातभर अंतरावरची माशी अंधूक दिसते. त्याने रुंद खाच आणि मोठी माशी निवडावी, नेहमीचा चष्मा लावून पारखावी. नेम धरताना नजर माशीवर ठरवायची आणि लक्ष्य किंचित धूसर राहू द्यायचे, हा पिस्तूल नेमबाजीचा पाया आहे. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्या क्रीडाप्रकारातही उघड्या माशीनेच नेम धरतात.

*उंची.* नवी माशी जुनीपेक्षा उंच असेल, तर गोळी खाली लागते. बुटकी असेल, तर वर लागते. म्हणून माशी व खाच जोडीनेच घ्यावी. उंच माशी होल्स्टरमध्ये अडकत नाही ना, हेही पाहावे.

बसवणे. छोट्या पिस्तुलाची माशी व खाच बहुधा डव्हटेल खाचेत, म्हणजे तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा आडव्या चरात, घट्ट सरकवलेली असते. काही नमुन्यांत पुढची माशी खालून स्क्रूने आवळतात. काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावे. पद्धत ठाऊक असली, म्हणजे मालकाला कामाची पारख करता येते.

प्रथम मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. स्लाइड वेगळी करून व्हाइसच्या मऊ जबड्यांत धरावी. जुनी साइट काढण्यापूर्वी तिची जागा व्हर्नियरने मोजून लिहून ठेवावी. साइट सरकवण्यासाठी स्क्रूच्या दाबाने चालणारे खास साधन सर्वांत सुरक्षित. ते नसेल, तर पितळी किंवा नायलॉनचा पंच वापरतात. ट्रिटियमच्या नळीवर किंवा तिच्या शेजारी ठोका बसता कामा नये. ठोका साइटच्या पायाशीच द्यावा. मागून पाहिले असता जुनी साइट डावीकडून उजवीकडे काढायची आणि नवी उजवीकडून डावीकडे घालायची, असा जुना संकेत आहे. निर्मात्याने वेगळे सांगितले असेल, तर ते पाळावे. नवी साइट फार घट्ट असेल, तर कानस साइटच्या तळावर फिरवावी, स्लाइडवर कधीही फिरवू नये. साइटची किंमत थोडी, स्लाइडची फार. साइटला आच देऊ नये.

छोट्या पिस्तुलात चूक मोठी होऊन दिसते. माशी ते खाच हे अंतर सुमारे १५० मिमी असते. खाच मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी सुमारे ३३ मिमी बाजूला जाते. मागची खाच ज्या बाजूला सरकवावी, त्याच बाजूला गोळी सरकते. पुढच्या माशीचे उलट असते.

तपासणी व निगा. बसवल्यानंतर मान्यताप्राप्त रेंजवर हत्यार टेकवून पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन गट मारावेत आणि गटाच्या मध्यावरून खाच सरकवावी. एका गोळीवरून निर्णय करू नये. त्यानंतर रिकाम्या हत्याराने संध्याकाळी, दिवे मालवून आणि टॉर्च लावून, अशा तिन्ही परिस्थितींत ठिपके पाहावेत. डोळा काळोखाला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात.

किनाऱ्यावर खरा शत्रू खारा वारा. पावसाळ्यात तर पोलादी साइटच्या कडा आणि डव्हटेलचा चर आधी गंजतात. महिन्यातून दोनदा कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा. जहाल सॉल्व्हंट ठिपक्याभोवतीचे कडे विरघळवतो, म्हणून तेथे वापरू नये. हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून साठवू नये, कारण चामडे ओल धरते. ट्रिटियमची नळी फुटलीच, तर ठिपका एकाएकी विझतो. अशा वेळी खिडक्या उघडाव्यात, काही काळ खोलीबाहेर थांबावे, हात धुवावेत आणि तुटलेला भाग कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावा.

कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील हत्यारांची मर्यादा दोनवर आणली. कलम ५ खाली हत्यारांची दुरुस्ती व बदल करण्यालाही परवाना लागतो. किहीमच्या रहिवाशाचा परवाना अधिकारी म्हणजे अलिबाग येथील जिल्हादंडाधिकारी. साइट बदलण्यापूर्वी त्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. ट्रिटियम किरणोत्सारी असल्याने त्याची आयात व वापर मुंबईच्या अणुशक्तिनगर येथील अणुऊर्जा नियामक परिषदेच्या कक्षेत येतो. परदेशातून नातेवाइकाच्या सामानात अशी साइट मागवू नये.

भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. ती स्वसंरक्षणाचा हक्क मानते आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतील घरफोडीचा वेगळा उल्लेख करते. परंतु संरक्षणासाठी जेवढी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क ती देत नाही.

ओळख आधी. किहीमच्या वाटांवर रात्री चालणारी माणसे बहुतेक कामाची असतात. भरती-ओहोटीच्या वेळा पाळणारे कोळी अपरात्री घरी परततात, राखणदार फेरी मारतो, वाट चुकलेला पर्यटक फाटकाशी येतो, शेजारचा मुलगा मदत मागायला धावत येतो. माशीवरचा हिरवा ठिपका यांपैकी कोणालाच ओळखत नाही. म्हणून रात्रीच्या साधनांचा क्रम ठरलेला हवा : अंगणातला दिवा, हातातला टॉर्च, मोठ्याने मारलेली ‘कोण आहे?’ ही हाक, ११२ क्रमांकावर दूरध्वनी, आणि या सर्वांच्या शेवटी माशी. टॉर्च हत्यारावर बसवलेला नसून वेगळ्या हातात असावा, म्हणजे माणूस ओळखण्यासाठी त्याच्यावर नळी रोखावी लागत नाही.

किहीमचे नाव जगभरच्या पक्षिशास्त्रात आहे. १९३० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली येथे राहिले आणि सुगरण पक्ष्याची वीण त्यांनी महिनोन् महिने न्याहाळली. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तेथून त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. त्या मुलाने आधी चाप ओढला आणि ओळख नंतर विचारली. पुढे किहीममध्ये याच माणसाने हातात दुर्बीण घेऊन आधी पाहायचे, पाहत राहायचे, असा क्रम धरला. काळोखात फाटकाशी उभ्या असलेल्या सावलीपुढे पिस्तूलधारकाने धरायचा क्रम तोच आहे.