तुरीयेचे दोन पाठ

पोथ्यांच्या संपादकास जो प्रश्न पदोपदीं पडतो, तो ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासकारासही टाळतां येत नाहीं: एकाच कृतीच्या दोन प्रती हातीं आल्या असतां मूळ पाठ कोणता मानावयाचा? अ‍ॅलिस कोलट्रेन यांच्या ‘तुरीया सिंग्ज’ या भजनसंग्रहापुरता तर हा प्रश्न मोठा नाजूक झाला आहे. कारण येथें एक पाठ आईनें सिद्ध केलेला आहे आणि दुसरा मुलानें निवडलेला.

अ‍ॅलिसबाईंचा जन्म १९३७ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं झाला. लहानपणीं त्या तेथील कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती देवळांत ऑर्गन वाजवीत. जाझ संगीताचे थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांच्याशीं १९६५ सालीं त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांनीं, अवघ्या चाळीस वर्षांचे असतां, पति वारले. त्या शोकांतून त्या अध्यात्माकडे वळल्या. स्वामी सच्चिदानंदांचा सहवास घडला आणि १९७१ सालच्या आपल्या एका ध्वनिमुद्रिकेस त्यांनीं स्वामींचेंच नांव दिलें. पुढें तुरीयसंगीतानंद हें नांव धारण करून १९७८ नंतर त्यांनीं बाजारासाठीं ध्वनिमुद्रिका काढणें जवळजवळ थांबविलें. जागृति, स्वप्न व सुषुप्ति यांपलीकडील चौथ्या अवस्थेस मांडूक्योपनिषद् ज्या अर्थीं निर्देशितें, तो अर्थ त्या नांवांत आहे.

१९८२ सालीं ‘तुरीया सिंग्ज’ निघाली ती साध्या कॅसेटच्या रूपानें, आणि तीही मुख्यतः शिष्यवर्गासाठीं. ‘जगदीश्वर’, ‘राम कथा’, ‘यमुना तीर विहारी’, ‘गोविंद हरि’ अशीं तींत नऊ भजनें. ज्या बाईंनीं तोंवर केवळ पियानो, हार्प व ऑर्गन वाजविले, त्यांचा गाता कंठ ध्वनिमुद्रणांत प्रथम येथेंच ऐकूं आला. तो खर्जाकडे झुकलेला, संथ, कसलीही तान न घेणारा आहे. ताल धरावयास मृदंग नाहीं, झांज नाहीं, साथीला मंडळी नाहीं. शब्द वैष्णवांचे व शैवांचे; त्यांखालीं ऑर्गनच्या ज्या स्वरसंगती सरकतात त्या मात्र डेट्रॉइटच्या देवळांतल्या. या दोहोंवर सिंथेसायझरचे, म्हणजे विजेच्या कंपनांतून स्वर घडविणाऱ्या वाद्याचे, लांबलचक झोत आणि तंतुवाद्यांचा पडदा पसरलेला आहे.

पुढें २००४ सालीं, बाईंच्या शेवटच्या ध्वनिमुद्रिकेचें काम चालू असतां, त्यांचे चिरंजीव रवि कोलट्रेन यांस या भजनांचें असें एक मिश्रण सांपडलें कीं ज्यांत केवळ कंठ आणि वुर्लिट्झर ऑर्गन होते. २००७ सालीं बाई निवर्तल्या. २०२१ सालीं रविंनीं हेंच मिश्रण ‘कीर्तन: तुरीया सिंग्ज’ या नांवानें प्रसिद्ध केलें. (महाराष्ट्रीय वाचकानें या शब्दानें फसूं नये. येथें नारदाची गादी नाहीं कीं पूर्वरंग-उत्तररंग नाहीं. हें एकटीचें नामस्मरण आहे.)

नवा पाठ कानास अधिक रुचतो हें आम्ही नाकारीत नाहीं. पडदा दूर होतांच कंठाचा कंप, श्वास, शब्दावर टेकलेला भार हीं सारीं स्पष्ट होतात. मुलास आईचा आवाज असाच जवळून ऐकावासा वाटला, यांत नवल तें काय? परंतु साधें तें मूळचें आणि भरजरी तें मागाहून चिकटलेलें, ही आपल्या रसिकतेची संवय येथें दगा देते. सिंथेसायझरचा थर दुसऱ्या कोणीं लादलेला प्रक्षेप नव्हे. बाईंनीं आधीं एकटीचें गायन पुरतें न मानतां तो थर चढविला, आणि तशीच फीत शिष्यांच्या हातीं दिली. जिला आपण अलंकार म्हणतों ती त्यांच्या लेखीं कदाचित् चौथ्या अवस्थेकडे नेणारी पायरी असेल. त्या स्वरांची घसरण दोन सुरांमधली सीमा पुसून टाकते, आणि तें ऑर्गनच्या पट्ट्यांस साधत नाहीं. म्हणून आमच्या मतें २०२१ ची आवृत्ति हा मौल्यवान कच्चा खर्डा होय. ग्रंथ १९८२ चाच.

कॅसेटनंतर पुढल्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत अगोराजवळच्या डोंगरांत बाईंचा आश्रम उभा राहिला. तेथें दर रविवारीं भजनें होत. नोव्हेंबर १९१८ नव्हे, अगदीं अलीकडच्या २०१८ च्या नोव्हेंबरांत वुल्सीच्या वणव्यानें ती वास्तु जळून गेली.